समोर माणूस असताना

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर किंवा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पांढऱ्या गणवेशातली मुलं रांगेत उभी राहून किक मारताना दिसतात. सर 'इच, नी, सान' मोजतात, सगळ्यांचे पाय एकदम वर जातात, एकदम खाली येतात. पालक भिंतीला टेकून मोबाइलवर चित्रण करतात. पुढच्या बेल्टची परीक्षाही बहुतेक वेळा याच किकवर पार पडते. मग केव्हा तरी त्याच मुलांना ग्लोव्हज आणि हेल्मेट घालून एकमेकांसमोर उभं केलं जातं आणि सगळं बदलतं. पाय उचललाच जात नाही. उचलला तर तोवर समोरचा सरकलेला असतो, नाही तर इतका अंगावर आलेला असतो की किक लागण्याऐवजी मांडीच त्याच्या पोटाला घासते. सर ओरडतात, 'घाबरू नकोस, मार!'

मूल दर वेळी घाबरलेलंच असतं असं नाही. रांगेत शिकलेली किक हे अर्धं शिक्षण आहे आणि उरलेलं अर्धं त्याला कुणी दिलेलंच नसतं. किती अंतरावरून, कोणत्या क्षणी, समोरच्याच्या कोणत्या हालचालीवर पाय उचलायचा, आणि किक चुकली तर पाय कुठे ठेवायचा, हे रांगेत कळण्याची सोयच नाही. हे पुस्तक त्या उरलेल्या अर्ध्यासाठी लिहिलं आहे. किकचं तंत्र आणि स्पॅरिंग हे दोन वेगळे तास नाहीत. किक घडते ती समोरच्या माणसामुळे. लेखकांची ही मूळ भूमिका आहे आणि माझीही तीच आहे. म्हणून प्रस्तावना लिहिण्याचं त्यांचं निमंत्रण मी आनंदाने स्वीकारलं.

या विषयाच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्येक परंपरेची किक तिच्या नियमांनी घडवली आहे. काय मारायला परवानगी आहे, काय मारल्यास बाद, गुण कशाला मिळतात, पायात बूट आहे की नाही, पाय पकडता येतो की नाही, यावर किकचा आकार ठरत गेला. 'कुठली किक सर्वांत प्रभावी' हा वाद आपल्याकडच्या क्लासांमध्ये फार रंगतो, पण नियम बाजूला ठेवले तर त्याला अर्थ उरत नाही.

ओकिनावातल्या जुन्या कराटेत किक थोड्या होत्या आणि त्याही खालच्या: गुडघा, जांघ, पोट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसू आन्को यांनी कराटे तिथल्या शाळांमध्ये नेलं. मोठ्या वर्गाला एकाच वेळी शिकवायचं तर रांगा आणि आकडे हवेतच. आपल्या पटांगणावरची ती रांग तिथूनच आलेली आहे. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे ते जपानच्या विद्यापीठांत रुजलं. विद्यार्थी तरुण होते, त्यांना लढून पाहायचं होतं. फुनाकोशींना मुक्त लढत पसंत नव्हती. मधला मार्ग म्हणून ठरवून केलेल्या लढतीच्या पायऱ्या आल्या: आधी पाच पावलांची, मग एका पावलाची, मग मोकळी. उंच किक रुजवण्याचं श्रेय फुनाकोशींचे चिरंजीव गिगो यांना दिलं जातं. जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा १९५७ मध्ये झाली, फुनाकोशी गेले त्याच वर्षी. तिथे प्रहार लागण्याआधी थांबवायचा होता. त्यामुळे या शाळेची किक सरळ, झटक्याची आणि तितक्याच वेगाने परत येणारी झाली. लांबून झेप घ्यायची, एक निर्णायक वार करायचा आणि बाहेर पडायचं.

मास ओयामांना हे थांबवणं मान्य नव्हतं. त्यांच्या क्योकुशिनमध्ये पूर्ण जोराने मारायचं, पण ग्लोव्हज नाहीत, म्हणून चेहऱ्यावर ठोसा नाही. किक मात्र डोक्यावरही चालते. पहिली जागतिक खुली स्पर्धा १९७५ मध्ये टोकियोत झाली. चेहऱ्यावर ठोसा येणार नाही हे माहीत असल्यामुळे लढवय्ये छातीला छाती भिडवून उभे राहू लागले. मांडीवरची किक हे मुख्य शस्त्र झालं आणि अगदी जवळून, खांद्यावरून वळून डोक्यावर उतरणारी किक जन्माला आली. याच परंपरेतल्या स्वित्झर्लंडच्या अँडी हुगने टाच वरून खाली आणणारी किक जगभर नेली आणि १९९६ मध्ये किकबॉक्सिंगची के-वन ग्रां प्री जिंकली. दोन्ही शैलींचं नाव कराटेच, पण एका नियमाने दोन माणसांमधलं अंतर बदललं आणि अंतराबरोबर सगळं तंत्र बदललं.

कोरियाची कथा आपल्याकडे सर्वांत कमी नीट सांगितली जाते. १९४५ मध्ये जपानची सत्ता गेल्यावर सोलमध्ये अनेक 'क्वान' म्हणजे शिक्षणगृहं उघडली. त्यांच्या काही संस्थापकांनी जपानमध्ये फुनाकोशींचं शोतोकान कराटे शिकलेलं होतं. १९५५ मध्ये तायक्वांदो हे नाव पुढे आलं, १९७२ मध्ये कुक्कीवॉन हे त्याचं मुख्यालय उभं राहिलं, १९७३ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९८८ आणि १९९२ मध्ये ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून आणि २००० मध्ये सिडनीपासून पूर्ण पदकांचा खेळ म्हणून तायक्वांदो आलं. ठोशाला किंमत कमी आणि किकला जास्त ठेवल्यामुळे पायांची जी विविधता इथे फुलली तिला तोड नाही. अलीकडच्या नियमांत अंगावरच्या ठोशाला १ गुण, किकला २, डोक्यावरच्या किकला ३ आणि किक फिरून मारली तर त्यात २ची भर. लंडन २०१२ पासून ऑलिंपिकमध्ये गुण मोजायला इलेक्ट्रॉनिक छातीकवच आलं. पंचांच्या डोळ्यांवरचा संशय त्याने कमी केला, पण पुढचा पाय हवेत धरून त्याच्या तळव्याने गुण वेचण्याची पद्धतही त्यानेच वाढवली. जुन्या खेळाडूंना ती रुचत नाही. मला मात्र त्यात शिकण्यासारखं पुष्कळ दिसतं. एका पायावर इतका वेळ स्थिर उभं राहून दुसऱ्याने समोरच्याचा प्रत्येक प्रयत्न अडवणं हे अव्वल दर्जाचं कौशल्य आहे. मागच्या पायाची जड किक त्यामुळे दुर्मीळ झाली, ही तक्रार खरी असली तरीही.

फ्रान्सच्या साव्हातचा उल्लेख थोडक्यात पुरे. एकोणिसाव्या शतकात शार्ल लकूर यांनी तिथल्या किकांना इंग्लिश बॉक्सिंगचे ठोसे जोडले. खेळाडूच्या पायात बूट असतो आणि मारायचं फक्त पावलाने. नडगी वापरता येत नाही, त्यामुळे किकला तलवारबाजीसारखी नेमकी टोकदार रेघ येते. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून होता.

थायलंडमध्ये नेमकं उलटं. मुए थायमध्ये किक मारायची ती नडगीने, कमरेचा सगळा भार टाकून, आणि अडवायचीही नडगीनेच. बँकॉकचं राजादामनर्न स्टेडियम १९४५ मध्ये आणि लुम्पिनी १९५६ मध्ये सुरू झालं. तिथे आठवड्यागणिक चालणाऱ्या लढतींनी ही किक तासून काढली. ती अंगावर किंवा हातावर आदळून समोरच्याचा तोल हलवते की नाही, हे तिथे पाहिलं जातं. त्या मानाने तिथल्या जिममधलं स्पॅरिंग विलक्षण हलकं असतं. ज्याची पुढची लढत काही दिवसांवर आहे त्याला सरावात जखमी होणं परवडत नाही. मुलं हसत-खेळत एकमेकांच्या बरगडीवर पाय टेकवतात, तोल काढतात, पुन्हा उभी राहतात. आपल्याकडे 'जोरात स्पॅरिंग म्हणजे चांगलं स्पॅरिंग' ही समजूत आहे. तिला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

वेगवेगळ्या नियमांत वाढलेल्या दोन किक समोरासमोर आल्या तर काय होतं, हे १९८८ मध्ये लास व्हेगासला दिसलं. अमेरिकेत १९७४ पासून वाढलेल्या फुल कॉन्टॅक्ट कराटेत कमरेखाली किक मारायला बंदी होती. खेळाडू पाय विसरून नुसतं बॉक्सिंग करू लागले, म्हणून प्रत्येक फेरीत कमरेच्या वर किमान ८ किक मारण्याचा नियम करावा लागला होता. त्या वातावरणातला विजेता रिक रूफस थायलंडच्या चांगपुएक कियातसोंग्रितशी लढला आणि या लढतीत मांडीवर किक मारायची मुभा होती. पहिल्या फेरीत रूफसने त्याला खाली पाडलं, त्याचा जबडा मोडला. चांगपुएक उठला आणि मांडीवर मारत राहिला. रूफसकडे वेग होता, हात होते, सुंदर उंच किक होत्या; पण मांडीवर येणारी नडगी अडवायला पाय उचलण्याची सवयच नव्हती. ती गरज त्याच्या खेळात कधी पडलीच नव्हती. चौथ्या फेरीत लढत थांबवावी लागली, कारण त्याला उभं राहता येईना. तो कमी प्रतीचा खेळाडू नव्हता. त्याच्या शिक्षणात एक माणूस कमी पडला होता, मांडीवर मारणारा.

भारताचा विचार करताना मला चीनच्या सांडाची आठवण होते. वुशूच्या या प्रकारात किक पकडून समोरच्याला आपटता येतं, म्हणून पाय आत जितक्या वेगाने जातो त्याहून वेगाने बाहेर यावा लागतो. २०१७ मध्ये पूजा कादियान यांनी कझानच्या जागतिक स्पर्धेत ७५ किलो गटात सुवर्ण मिळवलं. वुशूत जगज्जेत्या होणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय खेळाडू. मणिपूरच्या रोशिबिना देवी यांना हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळालं. कुस्तीची समज असलेल्या देशाला हा प्रकार मानवणं स्वाभाविक वाटतं.

आपल्या जुन्या परंपरांत केरळच्या कळरिपयट्टूमध्ये पाय सरळ, आडवा, गोल फिरवण्याचे स्वतंत्र व्यायाम आहेत आणि कंबर मोकळी करायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. आपले मर्दानी खेळ शस्त्रांचे आहेत. तिथे किक शोधू नये आणि ओढूनताणून दाखवूही नये. पण लाठीचा आणि पट्ट्याचा पवित्रा शिकलेल्या मुलाला अंतराची जाण इतरांपेक्षा लवकर येते, हे मी स्वतः पाहिलं आहे. शस्त्राच्या टोकाशी ज्याची ओळख झाली आहे तो पायाच्या टोकापासूनही बरोबर हातभर दूर उभा राहतो.

आता तंत्राकडे. किक शिकवताना सगळ्यांची नजर हवेतल्या पायावर असते. लेखक पहिल्यापासून जमिनीवरच्या पायाबद्दल बोलतात आणि या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. गोल किक मारताना टेकलेल्या पायाची टाच समोरच्याकडे वळली नाही तर कंबर अडकते. कंबर अडकली की वळण्याचा सगळा भार गुडघ्यावर येतो. आज बहुतेक क्लासांत फोमच्या जोडमॅट असतात आणि घामेजलेलं अनवाणी पाऊल त्यांना घट्ट चिकटतं. पाऊल जागच्या जागी, वरचं शरीर वळलेलं, मध्ये गुडघा: अनेक होतकरू मुलांचा खेळ इथेच संपला आहे. म्हणून टाच किंचित उचलून पायाच्या चवड्यावर वळणं हे उंचीच्या आधी शिकवायला हवं.

उंचीच्या हव्यासाबद्दलही बोललं पाहिजे. मांडीचं हाड कमरेच्या खोबणीत कसं बसतं हे प्रत्येकात थोडं वेगळं असतं. खोबण कुणाची खोल, कुणाची उथळ, हाडाचा कोनही निराळा. काही मुलांना आडवी किक कानापर्यंत जाणारच नाही, कितीही ताणलं तरी. असं असताना मुलाला भिंतीशी बसवून, पाय फाकवून, पाठीवर वजन टाकून 'स्प्लिट' काढण्याची पद्धत अजून चालते. वाढत्या वयातल्या हाडांशी आणि स्नायूंशी हा खेळ करू नये. सरावाआधी शरीर गरम करून पाय झुलवणं, लांबवर धरून ठेवायचे ताण शेवटी, आणि वर गेलेला पाय तिथेच धरून ठेवण्याची ताकद: लेखकांनी दिलेला हा क्रम संथ आहे, पण त्यात कुणाचं नुकसान नाही.

उंची आणि संख्या यांपेक्षा फसवणूक किती मोलाची, हे बिल वॉलेस यांच्याकडे पाहून कळतं. ज्यूदोत उजवा गुडघा दुखावल्यावर त्यांनी फक्त डाव्या पायाने किक मारली आणि १९७४ ते १९८० या काळात व्यावसायिक फुल कॉन्टॅक्टमध्ये ते अपराजित राहिले. डाव्या पायाच्या तीनच किक: आडवी, गोल आणि मागून आकड्यासारखी वळणारी. येणार डावाच पाय, हे समोरच्याला ठाऊक असे. तरी तो अडवता येत नसे, कारण तिन्ही किकसाठी गुडघा एकसारखाच वर येई. साध्या दृश्य इशाऱ्याला हालचाल सुरू करायला माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. तीन शक्यतांतून एक निवडायची असेल तर त्याहून जास्त, आणि तेवढ्यात पाय लागून गेलेला असतो. अशी फसवणूक आरशासमोर शिकता येत नाही. ती फसणारा कुणी समोर हवा.

स्पॅरिंगच्या अभ्यासाला जपान्यांनी 'माआई' म्हणजे अंतर आणि 'सेन' म्हणजे पुढाकाराचा क्षण ही चौकट दिली. समोरच्याचा वार होऊन गेल्यावर मारायचं, वार सुरू होताना मारायचं, की त्याचा विचार पक्का होतानाच मारायचं? ब्रूस ली यांनी तलवारबाजीतली अडवून टोचण्याची कल्पना पायाला लावली: समोरचा पुढे यायला निघतो त्याच क्षणी त्याच्या गुडघ्याशी किंवा कमरेशी पाय ठेवायचा. त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये निघालेल्या 'ताओ ऑफ जीत कुन दो'मध्ये याच्या टिपणांचा मोठा वाटा आहे. पण टिपणं वाचून क्षण सापडत नाही. त्यासाठी लेखकांनी स्पॅरिंगचे लहान लहान तुकडे पाडले आहेत. एकाने फक्त पुढच्या पायाने हल्ला करायचा, दुसऱ्याने फक्त सरकायचं. एकाने किक मारायची, दुसऱ्याने ती संपताना आत शिरायचं. दोघांनी मारायचं, पण स्पर्शापुरतं. मोकळी लढत या सगळ्यानंतर.

समोरच्याचा विचार न केलेली किक मारणाऱ्यालाही महाग पडते. डिसेंबर २०१३ मध्ये मिश्र मार्शल आर्ट्सच्या एका लढतीत अँडरसन सिल्वा यांनी क्रिस वाइडमन यांच्या पायावर डावी किक मारली. वाइडमन यांनी पाय उचलला, सिल्वांची नडगी त्यावर आपटली आणि मोडली. एप्रिल २०२१ मध्ये स्वतः वाइडमन यांचा पाय तसाच मोडला. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेच्या ७५ किलोवरील कुमिते म्हणजे लढतीच्या अंतिम फेरीत सौदी अरेबियाचे तारेग हमेदी ४-१ने पुढे असताना त्यांची किक इराणचे सज्जाद गंजजादे यांना इतकी जोरात बसली की ते बेशुद्ध पडले. हमेदी बाद ठरले, सुवर्ण गंजजादेंना मिळालं. त्यावर बराच वाद झाला. माझं मत पंचांच्या बाजूने आहे. ज्या खेळाने जोर आवरण्यालाच तंत्राचा शिखरबिंदू मानलं, त्याला तिथे दुसरा निर्णय देता आला नसता.

आज या पुस्तकाची गरज मला दोन कारणांनी वाटते. मुलं किक शिकतात ती आता मोबाइलवर. हवेत दोन गिरक्या घेऊन लागलेली किक पाहायला मिळते, पण त्याआधी फेरीभर अंतर कसं जमवलं ते कापून टाकलेलं असतं. दुसरं म्हणजे शाळा-महाविद्यालयांत मुलींसाठी स्वसंरक्षणाची छोटी शिबिरं भरतात, तिथे रांगेत चार किक शिकवून प्रमाणपत्र दिलं जातं. पायात चप्पल, अंगावर पंजाबी ड्रेस, पाठीला दप्तर आणि रस्ता ओला असताना समोरचा माणूस हात धरतो, तेव्हा ती किक आठवतही नाही. थोडाच वेळ असेल तर एक खालची किक, एक ढकलणारी किक आणि जोडीदाराने खरोखर पुढे येत राहण्याचा सराव द्यावा. खोटा आत्मविश्वास देण्याचा हक्क आपल्याला नाही.

पुस्तक कोणा एका पंथाचं नाही. कराटेवाल्याला त्यात नडगीने अडवणं सापडेल आणि मुए थायवाल्याला पुढच्या पायाची चपळाई. प्रत्येक किकसोबत तिचं अंतर, तिचा उतारा आणि जोडीने करायचा सराव दिलेला आहे. जमिनीवरची झटापट, शस्त्रं आणि कायद्याची बाजू लेखकांनी मुद्दाम सोडली आहे. एका ठिकाणी मी त्यांच्याशी सहमत नाही: पाठ वळवून मारायची मागची किक त्यांनी फार उशिरा घेतली आहे. सरळ रेषेत जाणारी, तोल सांभाळणारी आणि अंगावर येणाऱ्याला थांबवणारी ही किक मी नवशिक्यालाही देतो. वाचकांनी दोन्ही क्रम करून पाहावेत.

क्लास चालवणाऱ्यांनी हे पुस्तक जोडीदारासह, मॅटवर उघडं ठेवून वापरावं. लहान मुलांच्या सरावात डोक्यावर किक नको, या सूचनेला कुठलाही अपवाद करू नये. हेल्मेटने कातडी फाटणं आणि सूज कमी होते, पण मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. म्हणून हेल्मेट घातलं तरी जोर वाढवायचा नाही, ही ओळ लेखकांनी जवळजवळ प्रत्येक सरावाखाली पुन्हा दिली आहे. छपाईत जागा वाचवण्यासाठी ती एकदाच ठेवावी अशी सूचना आली होती. ती सगळीकडे राहू द्यावी असा आग्रह मी धरला आणि प्रकाशकांनी तो मान्य केला.